खालचं न पुसता : भोपाळ परिसरातले चार दिवस

पहिला दिवस

इटारसी सुटलं तेव्हा सात वाजून गेले होते. नर्मदा ओलांडली की परत आडवं व्हायचं नाही, असं मी आईला रात्रीच बजावून ठेवलं होतं. पूल आला तशी तिनं पिशवीतून एक नाणं काढलं. डब्याची काच बंद, टाकणार कुठून? मग नाणं मुठीत धरूनच तिनं हात जोडले आणि म्हणाली, "राहू दे, परत येऊ तेव्हा टाकू." पलीकडे बुधनी, आणि बुधनी गेलं की लगेच विंध्याचा घाट लागतो. फेब्रुवारी संपत आला होता. सागाची पानं गळून डोंगराचा सांगाडा उघडा पडला होता. मी उठून दाराशी गेले.

हा घाट मला गाडीतूनच बघायचा होता. विष्णू श्रीधर वाकणकर याच मार्गानं भोपाळकडे जात असताना त्यांना डोंगरमाथ्यावर मोठमोठ्या शिळांचा एक पुंजका दिसला आणि तो काही डोक्यातून जाईना. जन्म नीमचचा, कर्मभूमी उज्जैन, मराठी घरातला माणूस, हात चित्रकाराचा. जवळचे लोक त्यांना हरिभाऊ म्हणत. 1957 साली ते त्या शिळांपर्यंत जाऊन पोचले आणि भीमबेटका हे कातळचित्रांचं ठिकाण अभ्यासकांच्या नकाशावर आलं. त्या शिळा त्यांच्याआधी किती प्रवाशांनी खिडकीतून पाहिल्या असतील! बघणं आणि उतरून चालत जाणं यातलं अंतर मोठं असतं, आणि मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो तो त्या चालत जाण्यासाठी.

ओबेदुल्लागंज यायच्या आधी झाडीच्या वर काही काळपट शिळा मलाही दिसल्या. त्याच की दुसऱ्या, ते गाडीच्या वेगात कळलं नाही. आईला हाक मारून दाखवल्या. ती म्हणाली, "बुरूज ढासळल्यासारखं दिसतंय."

भोपाळला उतरून सामान टाकलं, जेवलो आणि दुपारी श्यामला टेकडीवरच्या मानव संग्रहालयात गेलो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय म्हणजे सुमारे 200 एकरांचा टेकडीचा उतार, आणि त्यावर देशभरातल्या आदिवासींनी स्वतः येऊन बांधलेली घरं. मी तिथं गेले होते ती घरांसाठी. पण त्याच आवारात तिसाहून जास्त चित्रित शैलाश्रय आहेत. आश्रय म्हणजे गुहा नव्हे. पुढे झुकलेल्या कातळाखालची ओसरी म्हणा. बाजूला मोठा तलाव, तलावापलीकडे इमारती, रस्त्यावरचे हॉर्न वरपर्यंत ऐकू येतात. आणि त्या हॉर्नच्या आवाजात कातळाच्या पोटाला लाल रंगाची फिकट माणसं.

मला आधी काहीच दिसलं नाही. या चित्रांचं असंच असतं, डोळा बसायला वेळ लागतो. आईनं मात्र चष्मा वर केला, मान तिरकी केली आणि म्हणाली, "अगं, हा गेरू आहे."

"हो, गेरूच."

"म्हणजे आपलाच? वृंदावनाला लावतो तो?"

तोच. लोहाचा अंश असलेली लाल माती. आईच्या माहेरी दिवाळीच्या आधी गेरू भिजत घालायचे, सकाळी खाली बसलेला दाट भाग घेऊन चिंधीनं भिंतीला फासायचे, आणि वाळला की वर खडूच्या मातीनं पांढरी नक्षी. तिनं तिथल्या तिथं हातानं सगळी कृती करून दाखवली. "लाल धरून बसतो," ती म्हणाली, "पांढरा झडतो. म्हणून पांढरा दरवर्षी नवा." मी कला शिक्षिका आहे, रंगद्रव्यांबद्दल वर्गात बोलते. पण त्या चित्रासमोर उभं राहून रंगाची ओळख पहिल्यांदा पटवली ती आईनं.

संग्रहालयातल्या घरांच्या भिंती संध्याकाळी पाहिल्या. वारली घराची गेरूची भिंत, तिच्यावर तांदळाच्या पिठीतली पांढरी माणसं: दोन त्रिकोण, वर एक ठिपका. कातळावरच्या माणसापासून शंभर पावलांवर.

दुसरा दिवस

भीमबेटका भोपाळपासून 45 किलोमीटरवर. ओबेदुल्लागंजच्या पुढे रस्ता रेल्वे ओलांडतो आणि डोंगर चढू लागतो. इथं रातापानीचं जंगल आहे. साग, तेंदू, मोह, आणि मधेच पेटल्यासारखा एखादा पळस. भीमाची बैठक म्हणून भीमबेटका, असं गावोगाव सांगतात. एवढ्या शिळा भीमाशिवाय कोण रचणार?

या रांगेतल्या टेकड्यांवर मिळून 700 हून जास्त शैलाश्रय मोजले गेले आहेत आणि त्यातल्या 400 हून जास्त ठिकाणी चित्रं आहेत. लोकांना बघायला पंधरा-एक खुले आहेत. 2003 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात नाव गेल्यावर वाटा बांधल्या, क्रमांकाच्या पाट्या लावल्या. आईच्या गुडघ्यांना त्या वाटांनी फार मदत केली.

आत शिरताच लागतं ते सभागृह म्हणून ओळखलं जाणारं मोठं शैलगृह. दोन्ही बाजूंनी उघडा बोगदा, वर देवळाच्या सभामंडपासारखं उंच छत. आतल्या एका शिळेवर हातानं ठोकून ठोकून केलेले वाटीसारखे खळगे आहेत. काही संशोधक ते लाखो वर्षांपूर्वीचे मानतात, काहींना ते पटत नाही. खळग्यात काही कुटलं असेल म्हणावं तर शिळा उभी आहे. आई त्या वाटीकडे बराच वेळ बघत होती. "उखळ नाही हे. पण हात चांगला सरावलेला आहे," म्हणाली. मला तेच खरं वाटलं. क्वार्टझाइटचा खडक फार कठीण असतो. दगडानं दगडावर ठोकत इतका गोल खळगा करायचा म्हणजे दिवसचे दिवस लागणार. ते दिवस कुणाला तरी द्यावेसे वाटले.

याच सभागृहाच्या भिंतीवर काही वर्षांपूर्वी एक पानासारखा ठसा संशोधकांच्या नजरेला पडला. 2021 साली तो डिकिन्सोनिया नावाच्या पन्नास कोटी वर्षांहून जुन्या जीवाचा जीवाश्म म्हणून प्रसिद्ध झाला, जगभर बातमी झाली. दुसऱ्या तुकडीनं येऊन पुन्हा पाहिलं, तर तो ठसा गळून पडलेल्या आग्या मोहोळाचा निघाला. 2023 साली तसं प्रसिद्ध झालं आणि आधीच्या संशोधकांनी चूक मान्य केली. पाहिलं, सांगितलं, दुसऱ्यानं तपासलं, पहिल्यानं मान्य केलं. विज्ञान असं चालताना दिसलं की मला भरून येतं. आणि गंमत म्हणजे छतांच्या कडांना आजही आग्या मोहोळं लटकलेली असतात, आणि या डोंगरातल्या चित्रांत मध काढणारी माणसंही आहेत. मोहोळ, मध काढणारा आणि त्याचं चित्र, तिन्ही एकाच कातळावर.

मग चौथ्या क्रमांकाचा आश्रय. याला प्राणिसंग्रहालयाचा कातळ म्हणतात. त्याच्याबद्दल मला सावकाश लिहायचं आहे, कारण मी तिथं दोन तास बसले होते.

डोक्याच्या वर तिरपा गेलेला, पिवळसर करड्या रंगाचा मोठा कातळ. त्यावर जिथं बघाल तिथं जनावरं. हत्ती, बारशिंगा, गवा, हरणं. बरीचशी पांढरी, काहींची अंगं सपाट रंगानं भरलेली, काहींच्या अंगात आडव्याउभ्या रेषांची वीण. आकार तळहाताएवढे, काही हातभर. हरणाच्या पाठीचा बाक एका ओढीत आला आहे, कुठं थांबून पुन्हा कुंचला टेकवल्याची खूण नाही. मी वर्गात मुलांना हेच शिकवायचा प्रयत्न करते: रेष मनात पूर्ण झाल्याशिवाय हात उचलायचा नाही. इथं ज्यानं काढलं त्याच्या हातात काडीचं टोक चेचून केलेला कुंचला असेल, समोर खरबरीत दगड, आणि खोडायची सोय नाही.

आणि मग त्या पांढऱ्या जनावरांच्या अंगावरून चाललेले लाल घोडेस्वार दिसतात. हातात शस्त्रं, बरोबर वाजवणारे. एक मिरवणूकच. घोड्यावर बसलेली माणसं आली म्हणजे हा काळ फार अलीकडचा, ऐतिहासिक. खालची पांढरी जनावरं त्याच्या हजारो वर्षं आधीची. ज्यानं घोडेस्वार काढले त्याला खालचा बारशिंगा दिसत होताच. त्यानं तो घासून काढला नाही. वरून पांढरा हात मारून कोरी भिंत करून घेतली नाही. बारशिंग्याच्या अंगावरूनच त्यानं आपला घोडा हाकला, आणि दोघंही अजून दिसतात.

हे कशामुळे, याची उत्तरं अनेक असतील. काही अभ्यासकांना वाटतं, जागेलाच मान होता. चित्र काढायचं तर इथंच. मला एवढंच जाणवलं की खालचं न पुसता वर काढणं ही इथली रीत दिसते, आणि ती एका माणसाची नाही, शेकडो पिढ्यांची आहे.

वय कसं कळतं, हे आईनं विचारलं. गेरूत सेंद्रिय काही नसतं, त्यामुळे कोळशासारखं त्याचं वय सरळ मोजता येत नाही. कुठलं चित्र कुणाच्या वर आहे ते बघायचं, चित्रात काय आहे ते बघायचं, आणि पायाखाली खणायचं. ते खणणं 1970 च्या दशकात इथं झालं. वाकणकर होते, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र होते. मिश्रांनी एका आश्रयाच्या तळाशी सुमारे चार मीटर खोल खणलं. सगळ्यात खाली पुराश्मयुगातल्या दगडी हातकुऱ्हाडी, आणि वर येत येत मध्याश्मयुगातली नखाएवढी दगडी पाती. एकाच ओसरीत माणूस लाखभर वर्षांहून जास्त काळ येत-जात राहिला. मध्याश्मयुगाच्या थरांत घासून झिजलेले गेरूचे तुकडेही मिळाले. बहुतेक जुनी चित्रं त्या काळातली धरतात, म्हणजे ढोबळमानानं दहा हजार वर्षांच्या आगेमागे. नंतरच्या काही चित्रांतली नक्षी माळव्याच्या ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या लोकांच्या, मडक्यांवरच्या नक्षीशी जुळते: डोंगरातले शिकारी आणि मैदानातले शेतकरी एकमेकांना भेटत होते. तीच माळवा संस्कृती पुढे आपल्या इनामगाव-दायमाबादपर्यंत आलेली आहे, म्हणून ती नक्षी मला ओळखीची वाटली.

डेक्कन कॉलेजमध्येच यशोधर मठपाल यांनी या चित्रांवर संशोधन केलं. ते स्वतः चित्रकार. एकेक आकृती त्यांनी हातानं उतरवून घेतली. माझ्या वहीत दोन तासांत तीन हरणं झाली, तीही बिघडलेली. तेव्हा कुठं त्या कामाचा अंदाज आला.

पंधराव्या क्रमांकाच्या कातळावर भलंमोठं शिंगाचं रानडुक्कर आहे. डुकराला शिंगं नसतात, चित्रकाराला ते माहीत असणारच. समोर पळणारं माणूस इतकं लहान काढलंय की भीती आकारातूनच कळते. तिथं एक शाळेची सहल आली होती. एक मुलगा म्हणाला, "सर, ये तो सपने वाला सूअर है." यापेक्षा चांगलं वर्णन मला सुचलेलं नाही.

निघताना पहारेकऱ्याशी बोलणं झालं. त्याचं गाव खालीच. त्याच्या आईच्या घरच्या भिंतीवर लग्नात हाताचे ठसे उठवतात, म्हणाला. वर कातळावरही ठसे आहेत. भोवतालच्या गोंड-कोरकू वस्त्यांत भिंती रंगवायची रीत अजून आहे, आणि जागतिक वारशाच्या नोंदीतही या गावांच्या परंपरेचं चित्रांशी असलेलं साम्य आवर्जून सांगितलेलं आहे. पण पहारेकरी ते नोंदीसारखं सांगत नव्हता. "हमारे यहाँ भी हाथ लगाते हैं," एवढंच म्हणून त्यानं स्वतःचा पंजा हवेत टेकवून दाखवला.

संध्याकाळी परतताना भोजपूरला थांबलो. राजा भोजाचं अकराव्या शतकातलं अपुरं शिवमंदिर, आत आईच्या उंचीच्या दीडपट शिवलिंग. मला तिथं बघायचं होतं ते बाहेरचं. मंदिराभोवतीच्या कातळावर सूत्रधारांनी, म्हणजे मंदिर रचणाऱ्या स्थपतींनी, मंदिराचे नकाशे, खांब आणि शिखराच्या रेषा कोरून ठेवल्या आहेत, खऱ्या बांधणीसाठी. काम अर्धवट राहिलं आणि कातळावरचा आराखडा तसाच राहून गेला. सूर्य तिरपा झाला की रेषा उठून दिसतात, तेव्हा संध्याकाळीच जावं.

भोजानं इथं बांध घालून प्रचंड तलाव केला होता. पंधराव्या शतकात होशंगशाहानं बांध फोडला. तोडायला तीन महिने लागले, पाणी ओसरायला तीन वर्षं आणि तळ राहण्याजोगा व्हायला तीस वर्षं, असं गोंड लोक सांगत. हे लिहून ठेवलं किनकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1888 साली. त्याच लेखात त्यानं भीमबेटकाचाही उल्लेख केला आहे, बौद्ध ठिकाण म्हणून. स्थानिकांनी त्याला जागा सांगितली होती. तो तिथवर चढून गेला असता तर! आज त्या तलावाच्या तळात शेतं आहेत, गव्हाच्या ओंब्या भरत होत्या. जवळच्या मंडीदीपला कारखान्यांची चिमणी दिसते. मंडीदीप हे तलावातलं बेट होतं, दीप म्हणजे द्वीप, असं तिथले लोक सांगतात. आमचा गाडीवाला म्हणाला, "हम अभी पानी के नीचे चल रहे हैं, माताजी." आईनं खरंच एकदा वर पाहिलं.

तिसरा दिवस

नर्मदापुरम, म्हणजे जुनं होशंगाबाद. गावाबाहेर इटारसी रस्त्याला लागूनच आदमगडची टेकडी आहे. ट्रक जातात, धूळ उडते, आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या त्या टेकडीत चित्रं. 1922 साली मनोरंजन घोष यांनी ती नोंदवली. 1960-61 मध्ये आर. व्ही. जोशी आणि एम. डी. खरे यांनी खणलं, तेव्हा हजारो सूक्ष्मास्त्रं, म्हणजे नखाएवढी दगडी हत्यारं, निघाली आणि त्याच थरांत कुत्रा, गाय-बैल, शेळी-मेंढी अशा पाळीव जनावरांची हाडंही. शिकारीवर जगणारा माणूस जनावरं पाळायला लागत होता, तो काळ इथं हातात येतो. टेकडीचा दगड मात्र खाणीसाठी फोडला गेलेला आहे. एक बाजू कापल्यासारखी दिसते.

आई पायथ्याशी सावलीत बसली, मी वर गेले. मोठ्या हत्तीची बाह्यरेषा, घोडेस्वार, धनुर्धारी. आणि त्यांच्यावर खिळ्यानं खरवडलेली नावं. बदाम. तारखा. एका धनुर्धाऱ्याच्या मांडीतून कुणाच्या तरी नावाचा वेलांटीचा फराटा गेला होता. दगडाचा कोवळा पांढरा गाभा त्यात दिसत होता. मी खाली आले तेव्हा माझा आवाज चढलेला असणार.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण काल तूच म्हणालीस ना, तेही दुसऱ्याच्या चित्रावरच काढायचे?"

या प्रश्नाला मी तयार नव्हते. गाडीत बसून घाटावर जाईपर्यंत तोच विचार. फरक आहे, हे ठाम वाटत होतं, पण कुठला? घोडेस्वार काढणाऱ्यानं रंग लावला होता, दगड उकरला नव्हता. खालचं चित्र त्याच्या चित्रातून आजही दिसतं. खिळ्यानं खालचं कायमचं जातं, आणि नाव घालवायला पुढे कुणी घासलं तर उरलेलं चित्रही जातं. शिवाय तो घोडेस्वार काढणारा इथलाच होता, त्याला परत इथंच यायचं होतं. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ज्याला परत यायचं नाही, तो उकरतो." तेवढ्यात घाट आला.

सेठानी घाटाच्या पायऱ्या लांबच लांब. पांढरे कपडे, काठी आणि कमंडलू घेतलेले चार-पाच परिक्रमावासी स्नान करून निघत होते. इथून वर पूर्वेला, नदीच्या उत्तर तीरावर हथनोरा नावाचं गाव आहे. 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अरुण सोनकिया यांना तिथल्या नदीकाठच्या गाळात मानवी कवटीचा वरचा भाग सापडला. भारतात मिळालेल्या मानवी जीवाश्मांत तो सगळ्यात जुना. त्या गाळावरून परिक्रमावासी पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. आईनं पदराची गाठ सोडली, परवाचं नाणं काढलं आणि गुडघाभर पाण्यात उतरून हळूच सोडलं. टाकलं नाही, सोडलं.

चौथा दिवस

विदिशाची पॅसेंजर सकाळी मिळाली. वाटेत सांची. सांचीबद्दल खूप लिहिलेलं आहे, आम्हीही तासभरच थांबलो. दक्षिण तोरणावरच्या दोन ओळी मात्र आईला वाचून दाखवल्या: एक दान श्रीसातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचं, आणि दुसऱ्या लेखात विदिशाच्या दंतकारांनी हे कोरीवकाम केलं म्हणून नोंद. हस्तिदंत कोरणाऱ्यांचा नाजूक हात दगडावर फिरला आहे, आणि तो कळतो. सातकर्णी म्हणजे सातवाहन, आपल्या पैठण-जुन्नरचे. आई म्हणाली, "एवढ्या लांब?"

उदयगिरीला ऊन चढलं होतं. पाचव्या लेण्यातला वराह पृथ्वीला दातावर उचलून उभा आहे, गुप्तकाळातला. शेजारच्या लेण्यातल्या लेखात गुप्त संवत 82, म्हणजे इसवी सन 401-02. कातळांवर जागोजाग शंखलिपीतली अक्षरं कोरलेली आहेत, पुरुषभर उंचीची, वळणावळणांची. ती अजून कुणाला वाचता आलेली नाहीत. लेणी कोरणाऱ्यांनी यातली काही अक्षरं मधूनच कापली आहेत, म्हणजे अक्षरं आधीची. इथं तर पुसलं गेलं, मी मनात म्हटलं. रीत सगळीकडे सारखी नव्हती.

मग बेसनगर. बेस आणि बेतवा या दोन नद्यांच्या मधलं जुनं विदिशा. आता शेतं आणि एक गाव. गावाच्या कडेला कुंपणात एक दगडी खांब, वीस-एक फूट उंच. खाली आठ पैलू, वर सोळा, त्याच्या वर बत्तीस, मग गोल. गावाला तो खामबाबा म्हणून माहीत.

1877 मध्ये पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम इथं आले तेव्हा खांबावर शेंदराचा इतका जाड थर होता की खाली लेख असेल हे त्यांना दिसलंच नाही. ढीमर समाजाचा तो देव होता, त्याला शेंदूर चढायचा, बळी पडायचे. 1909-10 मध्ये शेंदूर खरवडला आणि खाली ब्राह्मी अक्षरं निघाली. तक्षशिलेहून आलेला, अंतलिकित या ग्रीक राजाचा दूत, दियोनचा मुलगा हेलिओदोर, काशीपुत्र भागभद्र राजाच्या काळात देवदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारतो आहे, आणि स्वतःला भागवत म्हणवतो आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या शेवटाचा हा मजकूर. खाली आणखी दोन ओळी: तीन अमृतपदं नीट आचरली तर स्वर्गाला नेतात, दम (संयम), त्याग आणि अप्रमाद (सावधपणा).

पुरातत्त्वज्ञ देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी 1913 ते 15 इथं खणलं. पण खांबाशेजारच्या उंचवट्यावर पुजाऱ्याचं घर होतं, त्याच्याखाली त्यांना जाता आलं नाही. ते काम 1963-65 मध्ये खरे यांनी केलं, तेच आदमगडचे. घराखाली खांबाहूनही जुन्या, लंबवर्तुळाकार देवळाचा पाया निघाला. चूल पेटत होती, पोरं खेळत होती, आणि जमिनीखाली वासुदेवाचं देऊळ.

शेंदरामुळे लेख झाकला गेला, असं पुस्तकांत लिहितात. मला वाटतं, जपलाही गेला. ज्या खांबाला देव मानलं त्याचा दगड कुणी घराच्या पायात घातला नाही. गरुड केव्हाच पडला, हेलिओदोराचं नाव विसरलं, वासुदेवाचं देऊळ पुरानं मातीत गेलं. ढिमरांनी मात्र खांब सोडला नाही.

मी अक्षरं शोधत होते तेवढ्यात एक म्हातारी आली, दोन शेळ्या घेऊन. कुंपणाच्या दांड्याला शेळ्या अडकवल्या, चपला काढल्या. मी काय वाचतेय विचारलं. मी म्हटलं, "ये किसी यवन ने बनवाया था, बहुत दूर से आया था." तिनं अक्षरांकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"होगा," ती म्हणाली. "हम तो खामबाबा कहते हैं."

मग ती पदर डोक्यावर घेऊन खांबाभोवती फिरू लागली. दुसऱ्या फेरीला आईही तिच्या मागून चालायला लागली. मी शेळ्यांचे दोर धरून उभी राहिले.